गाणे विकण्याआधी

कालपर्यंत ढोलकी-पेटीवर जलसे रंगले. आता त्या वाटेवर गिटारही आली. मुंबईत कबीर शाक्य यांनी 'धम्म विंग्ज' हा रॉक बँड उभा केला. चेन्नईत ६ जानेवारी २०१८ रोजी 'कास्टलेस कलेक्टिव्ह'चे १९ कलावंत प्रथमच मंचावर आले.

मुरुडच्या मुलांनीही अल्बम जरूर काढावा. स्टुडिओचे भाडे तासावर असते, म्हणून चाल, ठेका, शब्द आधी घरीच पक्के करा. आणि करार वाचल्याशिवाय सही करू नका! २०१२ च्या दुरुस्तीनंतर कॉपीराइट कायद्याप्रमाणे गाणे विकले तरी गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीतील वाटा राहतो. गीतावरील हक्क तर गीतकाराच्या पश्चात ६० वर्षे टिकतो. तो लेकराबाळांचा घास आहे. थोड्या रोख पैशांसाठी घालवू नका.