पियानोची रचना वाद्यवृंदात : एका बैलगाडीचे उदाहरण

भरलेली बैलगाडी कानावर कशी येते, हे बोळिंज-आगाशी परिसरातील वाड्यांतून वाढलेल्या जुन्या पिढीस सांगावयास नको. प्रथम दूरवर चाकांची कुरकुर, मग घुंगुरमाळांचा नाद. गाडी समोरून जाते आणि वळणापलीकडे विरते. परंतु ऐकणारा गाडीच्या लगतच उभा असेल, तर पहिल्याच क्षणी तिचा सारा भार त्याच्या कानी पडतो. गाडी तीच, श्रोत्याची जागा मात्र निराळी. एकट्या पियानोसाठी रचलेले संगीत वाद्यवृंदासाठी मांडताना काय घडते, हे समजण्यास हा भेद उपयोगी पडेल.

रशियन संगीतकार मुसोर्गस्की याने आपला दिवंगत चित्रकार मित्र हार्टमान याच्या चित्रप्रदर्शनावरून १८७४ साली पियानोसाठी एक रचनामाला लिहिली. तीत ‘बिड्लो’ नावाचा एक खंड आहे. पोलिश भाषेत या शब्दाचा अर्थ गुरेढोरे. संगीतात चित्रित झाली आहे ती बैलगाडी. या मालेचे अनेकांनी वाद्यवृंदात रूपांतर केले. त्यांत फ्रेंच संगीतकार राव्हेल याचे १९२२ चे रूपांतर सर्वाधिक प्रसिद्ध होय.

अशा रूपांतरात केवळ वाद्ये वाढवावयाची असतात, असा सामान्य समज आहे. वस्तुतः पियानोत हातोडी तारेवर आदळते, स्वर उमटतो आणि त्याच क्षणापासून क्षीण होऊ लागतो. तो मागाहून वाढविता येत नाही. पायाखालील पेडल दाबले असता तारांवरील दाबक उचलले जातात, इतर ताराही सहकंपन पावतात आणि स्वरांभोवती एक धूसर वलय निर्माण होते. वाद्यवृंदाजवळ असे पेडल नाही. कोणता स्वर किती काळ टिकावा, तो कोणी धरावा, वादकाने श्वास कोठे घ्यावा, हे सर्व रूपांतरकारास लिहून द्यावे लागते. पियानो जे श्रोत्याच्या कल्पनेवर सोपवितो, ते वाद्यवृंदास उघडपणे सांगावे लागते. जुन्या किल्ल्याच्या चित्रावरील खंडात राव्हेलने मुख्य धून अल्टो सॅक्सोफोनला दिली. पियानोवर स्वरागणिक मावळणारी ती धून येथे अखंड गायनासारखी वाहते. तारता तीच, नादाची जाती बदलली आणि तिजबरोबर भावही बदलला.

‘बिड्लो’ची गोष्ट याहून बोधप्रद आहे. मुसोर्गस्कीच्या हस्तलिखितात हा खंड अत्यंत मोठ्या नादाने सुरू होतो. गाडी आरंभीच आपल्यापुढे उभी असते. मुसोर्गस्की १८८१ साली निवर्तला. पुढे १८८६ साली रिम्स्की-कोर्साकोव्हने संपादित करून ही माला प्रसिद्ध केली; तीत हा आरंभ अत्यंत हळू करण्यात आला. राव्हेलपुढे हीच प्रत होती. त्याने ती धून ट्यूबा या खर्जातील वाद्यास दिली, आणि गाडी दुरून येऊन दूर जाऊ लागली. परिणाम विलक्षण आहे; पण श्रोत्यास रस्त्याच्या कडेला नेऊन उभे केले ते संपादकाने. मूळ रचनाकाराचा तो हेतू नव्हता. संपादकाचा एक फेरफार वाद्यवृंदाच्या वैभवामुळे जगभर रूढ झाला.

हा प्रश्न आपल्यापासून दूरचा नाही. मुंबईच्या चित्रपटसंगीतात संगीतदिग्दर्शकाने हार्मोनियमवर सुचविलेली चाल वाद्यवृंदासाठी स्वरलिपीत उतरविण्याचे काम अँथनी गोन्साल्विस (१९२७–२०१२), सेबॅस्टियन डिसोझा आदी गोमंतकीय वाद्यसंयोजकांनी केले. हार्मोनियमचा स्वर भात्याच्या वाऱ्यावर टिकतो, म्हणून तेथील अडचण निराळी. निर्णयाची जबाबदारी मात्र तीच. व्हायोलिनांनी काय वाजवावे, बासरीने केव्हा थांबावे, हे चालीत लिहिलेले नसते. तरीही त्या कामाचे श्रेय रसिकांनी बहुधा एकट्या संगीतदिग्दर्शकास दिले.

तात्पर्य, रूपांतर म्हणजे मूळ कृतीचे भाष्य होय. भाष्यकाराचे नाव ठाऊक असावे आणि त्याने कोणती प्रत वापरली हेही तपासावे. अभ्यासकाने ‘बिड्लो’ प्रथम पियानोवर ऐकावा, मग राव्हेलच्या वाद्यवृंदात. गाडी कोठून निघाली, हे दोन्ही ऐकल्यावाचून कळणार नाही.