मुद्दाम केलेली टंचाई

जून 2025 मध्ये पॉप मार्ट या खेळण्यांच्या कंपनीने चीनमध्ये लबुबू या बाहुलीची मोठ्या प्रमाणावर आगाऊ नोंदणी खुली केली आणि फेरविक्रीच्या बाजारातले भाव काही दिवसांत कोसळले. त्याच्या महिनाभर आधी याच कंपनीला ब्रिटनमधल्या दुकानांत लबुबूची विक्री थांबवावी लागली होती, कारण रांगांमध्ये हाणामाऱ्या होत होत्या. दोन्ही बातम्या शेजारी ठेवल्या की एक गोष्ट लपत नाही: ज्या खेळण्यासाठी माणसे एकमेकांच्या अंगावर गेली, ते हवे तेवढे बनवता येत होते. डिझायनर खेळण्यांच्या, म्हणजे कलावंतांनी घडवलेल्या खेळण्यांच्या, छंदाला पंचवीस वर्षे उलटली आहेत. त्यातली टंचाई खरी केव्हा होती आणि तिचे सोंग केव्हापासून सुरू झाले, हे आता तरी तपासायला हरकत नाही.

सुरुवात अनेकांनी अनेकदा सांगितली आहे, म्हणून थोडक्यात. 1999 मध्ये हाँगकाँगच्या मायकल लाउने ‘गार्डनर’ मालिकेतल्या बाहुल्या प्रदर्शनात मांडल्या. त्याच वर्षी टोकियोच्या बाउंटी हंटर या दुकानाने अमेरिकी चित्रकार कॉझचा पहिला ‘कंपॅनियन’ काढला, प्रत्येक रंगाचे 500 नग. हा आकडा कलावंताच्या खिशातून आला होता. मऊ व्हायनल फिरत्या साच्यात ओतून भाजतात; तो साचा पोलादी साच्याहून बराच स्वस्त पडतो, त्यामुळे काहीशे नगांतही खर्च निघतो. त्यापुढे माल काढायचा तर ग्राहक कुठे होते? मूठभर लोकांना हवे होते, मूठभरच बनले. या टंचाईबद्दल तक्रार करण्यासारखे काही नव्हते.

या छंदाचे खरे दशक त्यानंतरचे, साधारण 2002 ते 2012. पॉल बडनिट्झने 2002 मध्ये किडरोबॉट ही कंपनी काढली आणि 2004 मध्ये ट्रिस्टन ईटनबरोबर ‘डनी’ आणली: लांब कानांचा कोरा आकार, ज्याच्यावर कुणीही चित्रकाराने आपले रंग चढवावेत. भित्तिचित्रकार, कॉमिक्सवाले, पोस्टरवाले सगळे त्या एका आकारावर येऊन गेले. गॅलरीची पायरी न चढणाऱ्या माणसाला एखाद्या पुस्तकाच्या किमतीत चित्रकाराचे काम हातात घेता येत होते. डनी बंद खोक्यात येई, आत कोणती ते उघडल्यावरच कळे. नवी मालिका आली की दुकानांत अदलाबदलीचे मेळे भरत. दोनदा आलेली डनी देऊन हवी ती घेण्यात अनोळखी माणसांची मैत्री होई. ते मेळे गेले याचे मला कॉझची मूर्ती न परवडण्यापेक्षा जास्त वाईट वाटते. पण रोगाचे बीही याच दशकात पडले. डनीच्या खोक्यावर प्रत्येक आकृतीपुढे तिचे प्रमाण छापलेले असे आणि काहींपुढे नुसते प्रश्नचिन्ह. मेडिकॉम या जपानी कंपनीच्या बेअरब्रिक अस्वलांनी तर टक्के दशांशांपर्यंत मोजून दिले: साध्या अक्षरांच्या ‘बेसिक’ अस्वलाला 14.58 टक्के. तेव्हा हे गमतीचे वाटले आणि संग्राहकांनीच त्याला टाळ्या वाजवल्या. आज कंपन्यांच्या नावाने बोटे मोडणाऱ्या जुन्या मंडळींनी तेवढे विसरू नये. त्या प्रश्नचिन्हाने टंचाई कारखान्यातून काढून खोक्यात नेऊन ठेवली. मालाला आता तोटा नव्हता. तोटा होता तो हव्या त्या नगाला.

लबुबूही अशाच बंद खोक्यांतून विकली जाते; तिच्या लोकप्रिय मालिकांत गुपित बाहुलीचे प्रमाण 72 मध्ये 1 असे जाहीर असते. सुटी 72 खोकी नशिबावर विकत घेतली तरी ती न मिळण्याची शक्यता सुमारे 37 टक्के उरते. हा हिशेब शाळेतल्या गणिताचा आहे, पण दुकानात उभ्या ग्राहकाला तो कुणी करून दाखवत नाही. चीनने 2023 मध्ये आठ वर्षांखालच्या मुलांना अशी बंद खोकी विकायला मनाई केली. छंदाच्या आड काय चालले आहे ते तिथल्या नियामकांना तरी दिसले होते.

मर्यादित आवृत्तीमुळेच कलावंत जगतो, हे यावरचे नेहमीचे उत्तर. पाचशे नगांच्या काळात ते खरे होते. पण फेरविक्रेता दुप्पट-चौपट भावाने विकतो तेव्हा वरचा पैसा कलावंताला जात नाही, तो दलालाच्या खिशात राहतो. संख्या न ठरवून काही होत नाही, असाही आक्षेप आहे, आणि तो अधिक वजनदार आहे. 2016 चा कॉझचा कंपॅनियन संख्येची अट नसलेला होता, तरी 2017 मध्ये न्यूयॉर्कच्या मोमा या कलासंग्रहालयाच्या दुकानाने तो विक्रीला काढताच त्यांची वेबसाइट कोलमडली. मात्र त्या दिवशी आधी बनवलेला, मोजका साठाच विक्रीला होता. संख्येची अट नाही म्हणून पुरवठा पुरेसा होतो असे नाही. ठरावीक मुदतीत येतील तेवढ्या मागण्या नोंदवून मग तेवढेच नग बनवायचे, ही पद्धत जपानी कंपन्यांना नवी नाही. मर्यादा तिच्यातही राहते, फक्त ती घेणाऱ्यांच्या संख्येने ठरते. वाट महिनोन्‌महिने पाहावी लागते, हे खरे. पण जून 2025 मध्ये लबुबूची नोंदणी खुली होताच सर्वात मोठा आरडाओरडा केला तो पुढे विकायला खोकी साठवून बसलेल्यांनी, आणि त्यांचा तोटा हा छंदाचा तोटा मानण्याचे काहीच कारण नाही.