जमिनीत मुरलेले विष

केळीच्या कंदास लागणाऱ्या सोंडकिड्याच्या नाशार्थ मार्टिनिक व ग्वादेलूप बेटांत १९७२ पासून १९९३ पर्यंत क्लोरडेकोनची भुकटी बुंध्याशी टाकीत असत. वापर थांबला, विष मात्र जमिनीतच राहिले. ते पाण्यात फार थोडे विरघळते व मातीतील सेंद्रिय द्रव्यास घट्ट चिकटते. म्हणून निचऱ्याबरोबर दरसाल त्याचा अल्पांशच सुटतो. केवळ या निचऱ्यावर २००९ साली मांडलेल्या गणितात काही जमिनी शुद्ध होण्यास कित्येक दशके, तर ज्वालामुखीच्या राखेच्या जमिनीस सुमारे ५०० वर्षे लागतील असे निघाले. केळीच्या घडात हे विष सहसा चढत नाही. रताळ्यासारख्या कंदांत मात्र उतरते. सबब तेथे लागवडीपूर्वी माती तपासून पीक ठरवावे लागते. कोणतेही औषध जमिनीत घालण्यापूर्वी ते किती काळ टिकते, हे शेतकरी बंधूंनी अवश्य विचारावे.