जेवणाआधीचे अर्धे मिनिट

नगर जिल्ह्यातल्या ख्रिस्ती घरात पहिल्यांदाच जेवायला गेलेल्या पाहुण्याची एक फजिती हमखास होते. ताट वाढून झालेले असते, कालवणाचा वास नाकात शिरलेला असतो, पाहुणा भाकरीचा तुकडा मोडून तोंडात घालतो आणि मग त्याच्या लक्षात येते की बाकीचे सगळे डोळे मिटून, हात जोडून बसले आहेत. घरातले धाकटे पोर एका दमात प्रार्थना म्हणून टाकते. अन्नाबद्दल देवाचे आभार, ज्या हातांनी ते रांधले त्या हातांवर आशीर्वाद, ज्यांच्या घरी आज चूल पेटली नाही त्यांची आठवण, आणि आमेन. सगळे मिळून अर्धे मिनिट. तेवढ्या वेळात घरात एकच व्यक्ती डोळे उघडे ठेवून असते, ती म्हणजे आई. तव्यावर भाकरी असते आणि ती प्रार्थनेसाठी थांबत नाही.

ख्रिस्ती कुटुंबात आभार मानणे मनाच्या लहरीवर सोडलेले नसते. झाडलोट, पाणी भरणे यांसारखेच ते रोजचे नेमाचे काम असते, आणि घरातल्या इतर कामांप्रमाणे तेही वेळेवर होते की नाही हे आईच पाहते. मुलांना उठवून सकाळच्या उपासनेला बसवायचे, रविवारच्या शाळेसाठी वचन पाठ करून घ्यायचे, कुणाचा वाढदिवस आला की देवळात द्यायचे आभारदानाचे पाकीट आठवणीने भरायचे. कुटुंबप्रमुख म्हणून बायबल वाचतात वडील. पण ऐन वेळी त्यांचा चष्मा शोधून देणे हेही तिच्याच खात्यात.

महाराष्ट्रातली ख्रिस्ती घरे काही एकाच साच्यातली नाहीत. वसईवर १५३४ ते १७३९ अशी दोनशे वर्षे पोर्तुगीजांचा अंमल होता. तिथल्या सामवेदी आणि वाडवळ ख्रिस्ती कुटुंबांची कॅथलिक परंपरा त्या काळातली. नगरला अमेरिकन मराठी मिशनचे काम १८३१ मध्ये सुरू झाले. तिथली मंडळी प्रॉटेस्टंट, आणि त्यांतली पुष्कळ कुटुंबे महार-मांग समाजांतून आलेली. वसईच्या घरात भिंतीशी वेदी असते, तिच्यासमोर मेणबत्ती लावून संध्याकाळी रोझरी म्हटली जाते. ऑक्टोबर हा तर रोझरीचाच महिना. त्या दिवसांत जपमाळ हातात घेतलेल्या आजीसमोरून सटकणे कोणत्याही नातवाला सोपे नसते. नगरच्या घरात वेदी नाही, मूर्ती नाही. बायबल आणि ‘उपासना संगीत’ हे गीतांचे पुस्तक, एवढाच सरंजाम. रेव्हरंड नारायण वामन टिळकांची कितीतरी गीते त्या पुस्तकात आहेत, आणि अक्षरओळख बेताचीच असलेल्या म्हाताऱ्या बायका ती पुस्तक न उघडता म्हणतात.

दोन्हीकडची स्वयंपाकघरे मात्र डिसेंबरात सारखीच तापतात. दिवाळीचा फराळ संपून महिना उलटतो न उलटतो तोच नगरच्या ख्रिस्ती आळीत पुन्हा करंज्या, शंकरपाळी, चकल्या तळल्या जातात, कारण नाताळचा फराळ तोच. वसईत त्यात कुलकुलांची भर पडते. कुलकुल हे काम घरातल्या सगळ्यांनी बसून करायचे: पिठाची गोळी काट्यावर किंवा कंगव्यावर दाबून वळायची. ते वळताना मुलांच्या कानावर जेवढे घराण्याचे पुराण पडते तेवढे वर्षभरात पडत नाही. शेजारपाजारच्या घरी ताटे पाठवली जातात आणि दिवाळीत आलेल्या ताटांची परतफेड होते.

आभाराचा सर्वांत वाजतगाजत होणारा प्रसंग म्हणजे हंगामाचा सण. गावात त्याला नुसते ‘हार्वेस्ट’ म्हणतात. शेत असेल तो कणसे आणि भाजी आणतो, नसेल तो अंडी, कोंबडी, घरी केलेले लाडू. उपासना झाली की देवळाच्या अंगणात या वस्तूंचा लिलाव होतो. तिथे बाजारभावाला कोणी विचारत नाही. एखाद्या गरीब विधवेने आणलेला भोपळा मुद्दाम चढ्या बोलीने घेतला जातो, आणि घेणारा तोच भोपळा पुन्हा लिलावात टाकतो. माझ्या मते धर्मशास्त्राची चार प्रवचने ऐकून जे कळत नाही ते या लिलावात कळते. देणाऱ्याचा मानही राहतो आणि देवळाची पेटीही भरते.

या देण्याचे सर्वांत चिवट रूप मराठी मुलुखापासून फार लांब, मिझोराममध्ये आहे. तिथल्या ख्रिस्ती घरांत स्वयंपाकाला तांदूळ घेताना आई एक मूठ बाजूला काढून ठेवते. ही रीत १९१० च्या सुमारास सुरू झाली. तिला ‘बुहफाई थाम’ म्हणतात. मंडळीतल्या बायका घरोघर जाऊन हा तांदूळ गोळा करतात, तो विकला जातो आणि त्या पैशांतून चर्चची कामे चालतात. सुरुवातीला त्या डोंगराळ मुलखात कुणाकडे रोकड फारशी नव्हती, पण प्रत्येक घरात चूल होती आणि चुलीपाशी एक बाई होती. आज हीच मूठ वर्षाला कोट्यवधी रुपये उभे करते. हिशेबाच्या वहीत ती रक्कम चर्चच्या नावावर पडते. प्रत्यक्षात ती कुणाच्या ताटातून आली, हे सगळ्यात शेवटी जेवायला बसणाऱ्या बाईलाच ठाऊक.

मूल झाल्यावर आईने देवाचे आभार मानण्याची रीत तर बायबलइतकी जुनी. लेवीयच्या बाराव्या अध्यायात मुलगा झाल्यास चाळीस दिवस आणि मुलगी झाल्यास त्याच्या दुप्पट दिवस शुद्धीकरणाचे सांगितले आहेत. त्यानंतर कोकराचे अर्पण करायचे. ऐपत नसेल तर पारव्यांची किंवा होल्यांची जोडी चालते. लूकच्या शुभवर्तमानात मरिया बाळ येशूला घेऊन यरुशलेमच्या मंदिरात जाते तेव्हा तिथे उल्लेख येतो तो या गरिबाच्या अर्पणाचा, पाखरांच्या जोडीचा. मंदिरभेटीचा हा सण अजून २ फेब्रुवारीला पाळला जातो.

पुढे चर्चमध्ये या विधीचा रोख हळूहळू बदलला. इंग्लंडच्या चर्चच्या १५४९ च्या प्रार्थनापुस्तकात तो बाळंतिणीच्या शुद्धीकरणाचा विधी म्हणून आला होता. १५५२ च्या आवृत्तीत त्याचे नाव बदलून बाळंतपणानंतरची आभारप्रार्थना असे झाले. म्हणजे बाईला विटाळ झाला म्हणून ती देवळात येते हा भाव सोडून, ती जिवावरच्या दुखण्यातून उठली म्हणून आभार मानायला येते, हा भाव धरला गेला. कॅथलिक चर्चनेही १९६९ च्या सुधारित विधीत, बाळाच्या बाप्तिस्म्याच्या शेवटी कडेवर बाळ घेतलेल्या आईला आणि तिच्याबरोबर बापालाही आशीर्वाद देण्याची योजना केली. बाप एरवी त्या दिवशी फोटोग्राफरच्या मागे असतो, तेव्हा हे बरेच झाले.

आपल्याकडच्या आज्यांनी यांतले काही वाचलेले नव्हते. त्यांनी सव्वा महिना पाळला तो शेजारणींप्रमाणेच: डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, शेकशेगडी, बाळंतकाढा, कानाला रुमाल. सव्वा महिना संपला की बाळाला नवे झबले घालून देवळात न्यायचे, पाकीट द्यायचे, आणि अमुक कुटुंबाने बाळाच्या जन्माबद्दल आभारदान दिले आहे, असे पाळकसाहेबांनी सर्वांसमोर वाचून दाखवायचे. त्या यादीत नाव बापाचे असते.

आईचे नाव कुठे येते, हा प्रश्न घेऊन मराठी पुस्तकांच्या कपाटापाशी गेले तर हात आपोआप लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्राकडे जातो. लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ चा, नाशिकजवळच्या जलालपूरचा. बालपण कडक सोवळ्यात गेले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी त्यांचे पती नारायण वामन टिळक यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि लक्ष्मीबाई लहानग्या मुलाला, दत्तूला, घेऊन नातेवाइकांच्या आश्रयाने राहिल्या. काही वर्षांनी त्या नगरला नवऱ्याकडे आल्या, पण आपली चूल आणि आपले पाणी वेगळे ठेवूनच. १९०० मध्ये त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला. हे सगळे इतिहासाच्या पुस्तकात दोन ओळींत मावते. लक्ष्मीबाईंच्या पुस्तकात ते घरातून दिसते: कुणाच्या हातचे पाणी कधी चालले, कधी चालले नाही, आणि एक दिवस हा सारा खटाटोप माणसांनी उभा केलेला आहे हे कसे उमगले.

टिळक मोठे कवी आणि मोठ्या मनाचे गृहस्थ. अशा माणसाबरोबर संसार करणे म्हणजे काय, हे त्यांच्या बायकोलाच विचारावे. हातात पैसा आला की तो समोरच्या गरजवंताकडे जायचा, आणि महिन्याची ओढाताण लक्ष्मीबाईंकडे राहायची. दुष्काळाच्या आणि प्लेगच्या दिवसांत घरात परक्यांची मुले येऊन राहिली. पोटचा दत्तू आणि सांभाळलेली तारा यांच्या पंगतीत आणखी किती पाने, याचा नेम नसे. या हालांचे गाऱ्हाणे लक्ष्मीबाई गातच नाहीत. त्या नवऱ्याच्या आणि स्वतःच्याही वेंधळेपणाला खळखळून हसतात. मला तर त्यांचा विनोद हाच त्यांच्या कृतज्ञतेचा सर्वांत खरा आवाज वाटतो. ज्या संसाराने रडवले त्यावर प्रेमाने हसता येणे सगळ्यांना साधत नाही. त्या भोळ्या होत्या असे मात्र कुणी समजू नये. टिळकांनी अपुरे ठेवलेले ‘ख्रिस्तायन’ हे काव्य त्यांच्यामागे पुरे केले ते याच बाईने.

केडगावच्या पंडिता रमाबाईंची कथा याच काळातली, पण घराचा आकार निराळा. पती १८८२ मध्ये गेले तेव्हा मुलगी मनोरमा तान्ही होती. दुसऱ्या वर्षी रमाबाईंनी इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला. दुष्काळात उघड्यावर पडलेल्या मुलींना गोळा करता करता १९०० पर्यंत त्यांच्या ‘मुक्ती’ आश्रमात सुमारे दीड हजार मुली-बायका झाल्या. एवढ्यांचे रोजचे दळण, पाणी, कपडे, आजारपण यांची व्यवस्था लावून वर बायबलचे मराठी भाषांतर करायचे! मनोरमा १९२१ मध्ये आईआधीच गेली, आणि पुढच्या वर्षी रमाबाई. आई होण्यासाठी प्रसूत व्हावेच लागते असे नाही, हे मराठी ख्रिस्ती मंडळीला केडगावने दाखवले. मातृदिनाच्या उपासनेत अपत्य नसलेल्या बायकांना मागच्या बाकावर अवघडून बसवणाऱ्यांनी केडगावला एकदा जाऊन यावे.

मातृदिनाचे निघालेच आहे म्हणून सांगते. मे महिन्याच्या दुसऱ्या रविवारचा हा सण जन्मला चर्चमध्येच. अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनिया राज्यात ग्राफ्टन नावाचे गाव आहे. तिथल्या मेथडिस्ट चर्चमध्ये १० मे १९०८ रोजी ॲना जार्विस यांनी आपल्या दिवंगत आईसाठी उपासना ठेवली आणि पाचशे पांढरी कार्नेशन फुले पाठवली. त्यांच्या आईची बहुतेक मुले लहानपणीच दगावली होती. त्या दुःखातून आईने गावोगावच्या बायकांना जमवून स्वच्छता आणि बालआरोग्याचे काम उभारले होते. १९१४ मध्ये अध्यक्ष विल्सन यांनी तो दिवस देशभर जाहीर केला. पुढे फुलवाले, मिठाईवाले आणि शुभेच्छापत्रवाले त्यावर तुटून पडले तेव्हा ॲनाबाई इतक्या संतापल्या की उरलेले आयुष्य त्यांनी आपणच सुरू केलेल्या सणाच्या बाजाराशी भांडण्यात घालवले. १९४८ मध्ये त्या गेल्या.

आपल्या मंडळ्यांतही आता त्या रविवारी आयांना गुलाब वाटतात, मुले गाणे म्हणतात, आणि नीतिसूत्रांचा एकतिसावा अध्याय वाचला जातो. या अध्यायातली सद्गुणी स्त्री रात्र सरायच्या आत उठते, शेत पारखून विकत घेते, द्राक्षमळा लावते, सूत कातते आणि वस्त्रे करून विकतेही. वाचताना ऐकणाऱ्या बायकांच्या चेहऱ्यावर जे हसू येते ते मी अनेकदा पाहिले आहे. उपासनेनंतर चहा असतो. तो बहुतेक ठिकाणी महिला मंडळच करते आणि कपही तेच विसळते. एवढा एक चहा पुरुषांनी केला तर गुलाब नसले तरी चालेल, हे माझे स्पष्ट मत.

‘स्मृतिचित्रे’ झाले ते देवदत्तांमुळे, म्हणजे त्याच दत्तूमुळे. वडिलांचे चरित्र लिहायचे म्हणून त्यांनी आईला आठवणी लिहून काढायला सांगितले. मागायला गेले वडिलांची माहिती आणि हाती आली आई. १९३४ पासून ते भागाभागाने प्रसिद्ध झाले. १९३६ मध्ये लक्ष्मीबाई गेल्या. मुलाने विचारायला फार उशीर केला असता तर मराठीतले हे पुस्तक आपल्याला मिळाले नसते.

तेव्हा येत्या नाताळला फराळ करताना आईशेजारी किंवा आजीशेजारी एक वही घेऊन बसा. घरातल्या जुन्या बायबलच्या पहिल्या पानावर जन्म, बाप्तिस्मा आणि मृत्यूच्या तारखा असतील, त्या आधी उतरवून घ्या. मग प्रत्येक तारखेला तिला विचारा की त्या दिवशी घरात काय शिजले होते, कोण आले होते, पैसे कुठून आणले होते. ती म्हणेल, त्यात काय सांगायचे. तरी विचारत राहा, आणि ती सांगत असताना तव्यावरची भाकरी तुम्ही सांभाळा.