दोघांचंच घर, तेही सातासमुद्रापार!

लग्न, व्हिसा, विमान... आणि मग? परदेशातल्या पहिल्या दिवसांची धमाल आणि थोडी गोचीसुद्धा!

फॉरेनला संसार थाटायचा म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? भुरभुरणारा बर्फ, हातात हात आणि फोटोच फोटो! माझंही तसंच होतं. माहेर बारामती, सासर इंदापूर. अंतर जेमतेम तासाभराचं. आणि आमचा पहिला स्वतंत्र संसार थेट म्युनिकमध्ये!

किचन गेलं कुठे?

भाड्याच्या फ्लॅटचं दार उघडलं, तर स्वयंपाकघरात ओटाच नाही! शेगडी नाही, कपाटं नाहीत, छताला नुसत्या वायरी. जर्मनीत हे कॉमन आहे म्हणे. जुना भाडेकरू जाताना आपलं किचन, अगदी दिवेसुद्धा घेऊन जातो. मग काय, सुटकेसचं टेबल, इलेक्ट्रिक कुकरमधली खिचडी आणि वर सासूबाईंनी बांधून दिलेला कांदा-लसूण मसाला. कँडललाइट डिनर, पण नाइलाजाने!

त्या दिवसांत प्रत्येक गोष्ट म्हणजे इव्हेंट होता. राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत सरकारदरबारी पत्ता नोंदवायचा. रविवारी दुकानं बंद, म्हणजे शनिवारी दूध विसरलं की काळा चहा ठरलेला. रिकामी प्लॅस्टिकची बाटली मशिनमध्ये टाकली की 25 सेंट परत. आमचे नवरोबा त्या मशिनवर जाम फिदा! सुपरमार्केटात एकेक नग मांडून ठेवलेली डाळिंबं पाहून मात्र इंदापूरच्या या गड्याला हसावं की रडावं कळेना. आणि सगळ्यात भारी काय, तर इंदापूरला मोठ्यांसमोर असलेलं ‘अहो’ इथे पहिल्याच आठवड्यात ‘ए, ऐक ना’ झालं!

पण सोमवार उजाडतो...

नवऱ्याला ऑफिस होतं, टीम होती, कॉफी मशिनजवळच्या गप्पा होत्या. मला? पुण्यात माझ्या नावाने बातम्या छापून यायच्या, इथे मी फक्त ‘त्याची बायको’. दिवसभराचं साठलेलं बोलणं संध्याकाळी सहाला त्याच्यावर धो धो कोसळायचं आणि तो दमलेला. आमचं पहिलं कडाक्याचं भांडण यावरूनच झालं. रुसून माहेरी जायची सोय नाही. एकच खोली, एकच दार! त्यामुळे बोलून मोकळं व्हावंच लागलं. मग मी जर्मनचा क्लास लावला, फ्रीलान्सिंग सुरू केलं आणि आठवड्यातली एक संध्याकाळ ज्याने त्याने आपापल्या दोस्तांबरोबर घालवायची असं ठरलं.

जायच्या आधी एवढं कराच

* जोडीदाराला काम करता येईल का, हे आधी तपासा. जर्मनीत ब्लू कार्डवाल्यांच्या जोडीदाराला नोकरीची मुभा असते. अमेरिकेत ‘एच-4’वर सरसकट ती नाही, 2015 पासून ग्रीन कार्डची प्रक्रिया ठरावीक टप्प्यापुढे गेलेल्यांच्याच जोडीदाराला परवाना मिळू शकतो.
* बँकेत दोघांचं नाव हवं. भाजीच्या पैशांसाठी हात पसरणं रोमँटिक नसतं!
* आपली माणसं शोधा. लंडनचं महाराष्ट्र मंडळ तर 1932 पासून आहे.
* आईला रोज फोन करा, पण भांडणाची ताजी बातमी देऊ नका. उन्हाळ्यात जर्मनी साडेतीन तास मागे असते. तुमचं मिटेपर्यंत तिची झोप उडालेली असते!

परदेशात नवरा-बायको एकमेकांचे सासर, माहेर, शेजारी, मित्र सगळंच होतात. मजा त्यातच आहे आणि ओझंही त्याचंच. ते दोघांनी मिळून उचललं, तर किचन काय, महिन्याभरात येतंच!