शंकेकराचा नित्यनेम

काशीमध्ये उपासनेचा नेम हा विषय कोणास नव्याने शिकवावा लागत नाही. पहाटेचे स्नान, त्रिकाळ संध्या, ठरलेले पाठ यांवर तेथील दिवस उभा असतो. अशाच वातावरणात नीळकंठशास्त्री गोरे यांचे मन घडले. १८२५ साली झाशीजवळ जन्मलेला हा चित्तपावन तरुण काशीत शास्त्रे पढला आणि ख्रिस्ती उपदेशक विल्यम स्मिथ यांना वादात जिंकावे, म्हणून त्यांच्याकडे गेला. वाद लांबला. अखेर १४ मार्च १८४८ रोजी जौनपूर येथे शास्त्रीबुवांचा बाप्तिस्मा झाला आणि ते नेहेम्या गोरे झाले.

येथे कथा संपती, तर ती केवळ धर्मांतराची कथा ठरती. परंतु गोऱ्यांचा स्वभाव शंकेकराचा होता. १८६० साली ‘षड्दर्शनदर्पण’ लिहून ज्या बुद्धीने त्यांनी साही दर्शनांची झडती घेतली, ती बुद्धी त्यांच्या नव्या श्रद्धेचीही झडती घेण्यास चुकली नाही. शंकांनी त्यांना आयुष्यभर छळले. अशा मनुष्याने प्रार्थना करावी तरी कशाच्या बळावर? मन निःशंक होईपर्यंत थांबावे, तर आयुष्य सरून जाईल.

अशा वेळी ख्रिस्ती परंपरेतील नित्योपासनेचा अर्थ उमगतो. १८७० साली गोरे अँग्लिकन पंथाचे धर्मगुरू झाले. या पंथाच्या १६६२ सालच्या प्रार्थनापुस्तकाप्रमाणे सकाळची व सायंकाळची उपासना धर्मगुरूस रोज करावी लागते. मंडळीत नसेल, तर एकट्याने. बायबलातील दीडशे स्तोत्रे महिन्याच्या तीस दिवसांत, सकाळ-संध्याकाळ अशा साठ भागांत वाटून दिलेली आहेत. या वाटणीत मोठे शहाणपण आहे. आज कोणते स्तोत्र रुचेल, हा प्रश्नच उरत नाही; तारीख ते ठरविते. सतराव्या दिवशी सकाळी अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र यावयाचेच, आणि त्याचा शेवट अंधारात होतो. तेथे सांत्वनाचा शब्द नाही. ज्याचे मन प्रसन्न आहे, त्यालाही त्या सकाळी दुःखिताच्या तोंडचे शब्द उच्चारावे लागतात. उलट ज्याचे मन अंधारात आहे, त्याला आपली व्यथा उपासनेच्या बाहेरची नाही, असे कळते. आणि तिसाव्या सायंकाळी, मन असो वा नसो, स्तुतीची शेवटची स्तोत्रे त्याच्या वाट्यास येतात. एखादा दिवस चुकला, तरी मागील बाकी साचत नाही. बाराव्याचा पाठ राहिला, तर तेराव्यास तेराव्याचा म्हणावा. आरंभशूरांचा नेम बहुधा या थकबाकीखालीच मोडतो, हे ज्यांनी नेम धरून पाहिले आहेत, त्यांना ठाऊक असेल.

हे सारे यांत्रिक होणार नाही काय? होऊ शकते. पोकळ बडबडीविषयी येशूने स्वतःच इशारा दिलेला आहे, आणि घोकंपट्टीची संध्या काशीकरांनाही अपरिचित नाही. तथापि ज्या येशूने हा इशारा दिला, त्यानेच लगेच शिष्यांना ठरावीक शब्दांची एक प्रार्थना शिकविली; आणि ‘दिदाखे’ या प्राचीन ख्रिस्ती ग्रंथात ती दिवसातून तीनदा म्हणण्याची आज्ञा आहे. दानिएलही खिडकी यरुशलेमेकडे उघडून दिवसातून तीनदाच प्रार्थना करी. त्रिकाळ संध्येत वाढलेल्या शास्त्र्याला ही वाट फारशी परकी वाटली नसावी.

१८७६ साली गोरे ऑक्सफर्डजवळच्या काउली येथील संन्यस्त संघात उमेदवार म्हणून दाखल झाले. तेथे तर दिवसाचे प्रहरच प्रार्थनांनी बांधलेले असत. पुढे पुण्यास व अन्यत्र त्यांनी या संघाबरोबर काम केले. अखेरची व्रते मात्र कधीच घेतली नाहीत. शंकेकराला जन्माची शपथ जड, पण आजची सायंप्रार्थना जड नाही. हा भेद बारीक आहे, तरी नेम लावून घेऊ पाहणाऱ्यास तोच उपयोगी पडतो. आयुष्यभराचा संकल्प एकदम सोडू नये; आजची घटका सांभाळावी.

त्यांनी धारण केलेल्या नावाचा मूळ नेहेम्याही असाच. यरुशलेमेचा पडका तट त्याने बावन्न दिवसांत उभा केला, तेव्हा पुष्कळांच्या वाट्यास आपापल्या घरासमोरचाच भाग आला होता. २९ ऑक्टोबर १८९५ रोजी मुंबईत फादर गोरे निवर्तले. बाप्तिस्म्यास त्या वेळी सत्तेचाळीस वर्षे होऊन गेली होती.