जंतूंची साय आणि न लागू पडणारे औषध



गाळप हंगामात मिलजवळच्या रसाच्या पन्हाळीला बुळबुळीत थर धरतो. ल्युकोनोस्टॉक नावाचे जंतू रसातल्या साखरेपासून डेक्स्ट्रान हा चिकट पदार्थ बनवतात आणि त्यातच ठाण मांडतात. त्यामुळे उतारा घटतो. म्हणून तर मिल वाफेने, गरम पाण्याने वरचेवर धुतात आणि तोडलेला ऊस शिळा न होता गाळपास यावा असा आग्रह धरतात.

अशा थराला शास्त्रज्ञ 'बायोफिल्म' म्हणतात. आपण जंतूंची साय म्हणू. कॅनडातील विल्यम कॉस्टरटन व सहकाऱ्यांनी १९७८ साली जंतू कसे चिकटतात ते मांडले, तेव्हापासून या विषयाकडे वैद्यकाचे लक्ष वेधले.

हीच साय आपल्या गोठ्यातही धरते. गाई-म्हशींची दगडी, म्हणजे कासदाह, करणारे स्टॅफिलोकॉकस जंतू कासेच्या आत असा थर करून बसतात. औषध थरात सहजी शिरत नाही. शिवाय आतले जंतू सुस्त पडून असतात, आणि बरीच प्रतिजैविके वाढत्या जंतूंवरच काम करतात. वरचे मरतात, आतले तगतात. सूज उतरली की आपण इंजेक्शन बंद करतो. महिन्याभराने दगडी पुन्हा हजर! अशा अर्धवट उपचारांत औषधाला न जुमानणारे जंतू निवडून उरतात. तेच पुढे माणसालाही जडू शकतात. कोलिस्टिन हे माणसांसाठी राखीव औषध जनावरांना देण्यावर केंद्र सरकारने २०१९ साली बंदी घातली, ती याच काळजीपोटी.

तेव्हा साय धरूच न देणे हा खरा उपाय. धारेआधी कास धुऊन स्वच्छ कपड्याने कोरडी करावी. अंगठा मुडपून नव्हे, पूर्ण मुठीने धार काढावी. सडाला इजा झाली की जंतूंना जागा मिळते. धारेनंतर सड आयोडीनच्या द्रावणात बुडवावेत. सडाचे तोंड सुमारे अर्धा तास उघडे राहते, म्हणून लगेच वैरण टाकावी. जनावर उभे राहील. चरवी, किटली नुसती विसळून भागत नाही. ब्रशने घासून, गरम पाण्याने धुऊन उन्हात पालथी घालावी.

आणि इंजेक्शन डॉक्टरांच्या सल्ल्यानेच, सांगितले तितके दिवस. त्या काळातले दूध डेअरीला घालू नये, घरातल्या पोराबाळांनाही देऊ नये.

मिल धुण्याची शिस्त गोठ्यातही आणू या!